हातचा

पूर्णकुंभ हाउसिंग फायनान्सच्या अकराव्या मजल्यावर
एसी कायम एकोणीसवर. मी शाल नेते.
कॉफी येते, काजू येतात. काजू आम्ही घेत नाही.
नियम नाही तसा, पण तलगेरी साहेब म्हणायचे,
काजू खाल्ला की आकडा गोड लागतो.

खिडकीखाली मिठी. भरतीच्या वेळी उलटी वाहते.
एवढ्या उंचीवर, काचेआड, वास येत नाही.

चौबळ, त्यांचा सीएफओ, पोरगेलाच आहे,
बोलताना पेनाचं टोपण काढतो, लावतो.
"पेपर रोल होतोच, मॅडम. नऊ वर्षं होतोय."
म्हणजे नव्वद दिवसांच्या बोलीवर घेतलेले पैसे
वीस वर्षांसाठी दिलेत, विरारला, बदलापूरला,
कुणाकुणाच्या वन बीएचकेच्या भिंतींत
ते आता सिमेंट होऊन बसलेत.
नव्वदाव्या दिवशी दुसऱ्याकडून घ्यायचे,
पहिल्याचे फेडायचे.
दुसऱ्याचा नव्वदावा दिवस येईपर्यंत
सगळे सज्जन.

दुसरीत मिराशीबाई शिकवायच्या:
आठ आणि सात पंधरा, पाच मांडा, हातचा एक.
मी खरंच मूठ मिटून घ्यायचे,
तो एक सांडू नये म्हणून.

पूर्णकुंभचा हातचा मी तीन आठवडे शोधला.
एका म्युच्युअल फंडाच्या मुठीत होता.
फंडाचा एका बँकेच्या,
बँकेचा एका विमा कंपनीच्या,
आणि विमा कंपनीने, परिशिष्ट सातमध्ये, बारीक टायपात,
पूर्णकुंभचेच रोखे घेतलेले.
मूठ उघडा म्हणायचा अधिकार आहे मला, कलमासकट.
पण सगळ्यांनी एकदम उघडल्या तर?

आमच्या परिपत्रकात कंपन्यांचे थर आहेत,
पायाचा, मधला, वरचा,
आणि त्याच्याही वरचा, जो शक्यतो रिकामा राहावा
असं लिहूनच ठेवलंय.
"रिकामाच ठेवायचा तर केलाय कशाला?"
नवा आलेला विश्वंभर विचारतो.
म्हटलं, तू चिंचपोकळीचा ना,
हंडीच्या बरोबर खाली कोण उभं राहतं?
तो हसला. मग हसायचा थांबला.

मी अहवालात लिहिलं: चिंताजनक.
वरून आलं: लक्ष ठेवण्याजोगे.
एक शब्द फिरला आणि आख्खा परिच्छेद
झोपेत कूस बदलावी तसा फिरला.
खाली सही माझीच.
ठेवलंय लक्ष.

चुनाभट्टीला, आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, मानकामे.
गोदीतून रिटायर झालेले, हातात फॉर्म.
"पूर्णकुंभमध्ये टाकतोय. पाऊण टक्का जास्त देतात.
तुम्ही बँकेतल्या. काय म्हणता?"
दुसरा मजला.
गुप्ततेच्या शपथेवर माझी सही आहे, निळ्या शाईत.
तिसरा.
"सगळं एके ठिकाणी ठेवू नये," म्हटलं,
जे कुणीही कुणालाही म्हणतं.
"हो, ते तर आहेच," म्हणत
ते चौथ्यावर उतरले.
जाळीचं दार त्यांनी नीट लावून घेतलं, दोनदा ओढून पाहिलं.

सव्वा वर्ष झालं त्याला.
पूर्णकुंभ उभी आहे. चौबळला बढती मिळाली.
पेपर रोल होतोय.
माझ्या शब्दाचा शहाणपणा
की भित्रेपणा, हे अजून
कुठल्याच रकान्यात बसत नाही.

काल मानकाम्यांनी पेढा दिला,
वर्षाचं व्याज जमा झालं म्हणून.
घेतला मी. काजू घेत नाही, पेढा घेतला,
आणि मूठ कधी मिटली कळलंच नाही.
एकटीच वर जाताना
आरशाशेजारचं प्रमाणपत्र वाचलं, रोज वाचते:
उद्वाहन निरीक्षक, महाराष्ट्र शासन.
सहा माणसं, चारशे आठ किलो.
पुढील तपासणीची तारीख
आणि नेमकं तारखेवर कुणीतरी
दूधवाल्याचा नंबर चिकटवलाय.